माझ्या कंबोडियातल्या वर्गाची प्रधान

निवृत्तीनंतर शिक्षिकेनं काय करावं, याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं आहे. नातवंडं सांभाळावीत, चारधाम करावा आणि उरलेल्या वेळात शेजारच्या पोरांची फुकट शिकवणी घ्यावी. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये उभी हयात घालवून २०२४ मध्ये मी निवृत्त झाले आणि यातलं तिसरं काम तेवढं उचललं. शेजार फक्त जरा लांबचा निवडला. कंबोडियातलं सिएम रीप. जगभरातले लोक तिथं अंकोर वाट बघायला जातात. माझा भाचा तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. "मावशी, इथं एक फुकटचा वर्ग चालतो, गणिताला माणूसच मिळत नाही," असं तो फोनवर सहज बोलून गेला आणि मी ते धरून बसले.

हे लिहायला बसले ती मात्र तिथल्या एका चौदा वर्षांच्या मुलीसाठी. तिचं नाव देत नाही. जाण्यापूर्वी ज्या कागदावर सही केली, त्यात मुलांची नावं आणि फोटो कुठंही टाकणार नाही असं कलम होतं, आणि ते मला मनापासून पटलेलं आहे. वर्गात ती मॉनिटर होती. ख्मेरमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, मॉनिटरला 'प्रोथिआन थ्नाक' म्हणतात, म्हणजे वर्गाचा प्रधान. मी पहिल्या दिवसापासून तिला प्रधानच म्हणत आले, तर इथंही तेच चालू दे.

जाण्याची खटपट थोडक्यात सांगते, कारण निवृत्त मैत्रिणी विचारत असतात. कंबोडियात स्वयंसेवक म्हणून जायचं असं गूगलवर टाकलं की आधी अनाथाश्रम समोर येतात. त्या वाटेला जाऊ नका. तिथल्या अशा संस्थांतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप, निदान एक पालक, हयात असतो; पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं घरी न राहता तिथं राहतात. 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत' अशी मोहीमच तिथं २०११ मध्ये सुरू झाली. आपापल्या घरी राहणाऱ्या मुलांचा, शाळेबाहेरच्या वेळात भरणारा वर्ग मिळाला तर उत्तम. आमच्या वर्गाच्या लोकांनी माझ्याकडून पोलीस पडताळणीचा दाखला मागितला, माझ्या जुन्या मुख्याध्यापकांना फोन केला, आणि मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, कुणा एकाला भेटवस्तू द्यायची नाही, घरी न्यायचं नाही असं सगळं लिहून घेतलं. जी संस्था यातलं काहीच विचारत नाही, तिच्यापासून चार हात लांब राहावं. व्हिसा काढताना टुरिस्टचा न काढता 'ई' प्रकारचा काढावा, त्याची मुदत पुढं वाढवून मिळते. आणि सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ पासून शहराबाहेर पार लांब गेलाय, तेव्हा गाडीचं आधी ठरवून ठेवावं. इतकंच.

वर्ग म्हणजे तांबड्या मातीच्या रस्त्यालगतची, पत्र्याखालची, चारही बाजूंनी उघडी जागा. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पांढरा फळा, एक पंखा. मागं भातखाचरं आणि त्यांच्या बांधांवर ताडाची झाडं. तिकडच्या सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात, साधारण सात ते अकरा आणि एक ते पाच. सकाळची शाळा असणारी मुलं माझ्याकडे दुपारी यायची आणि दुपारची सकाळी, त्यामुळे एकच पाठ दोनदा. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत हाकलेल्या बाईला याचं काही वाटत नाही. अडचण दुसरीच होती. मला ख्मेर येत नव्हती, आणि मुलांचं इंग्रजी म्हणजे मी तोंड उघडायच्या आत सुरात येणारं "आय एम फाइन, थँक यू, अँड यू?" एवढंच.

प्रधान आठवीत होती. तिचं इंग्रजी बऱ्यापैकी होतं, मोबाइलवर बघून बघून शिकलेलं. लहानांच्या तासाला ती माझ्याबरोबर फळ्यापाशी उभी राहायची. दुभाषी म्हणून कुणीही उभं राहू शकतं. तिचं वेगळेपण मला कळायला दोन-तीन तास गेले. मी सांगितलेली कृती ती मुलांना ख्मेरमध्ये सांगायची, उत्तर कधीच सांगायची नाही. बावन्न वजा सत्तावीस करायला एक मुलगा फळ्यापाशी आला आणि अडकला. दोनातून सात जात नाहीत, आता काय? मागून पोरांनी गलका सुरू केला. प्रधाननं एक हात वर करून गलका थांबवला, मग त्या मुलापासून दोन पावलं बाजूला जाऊन चक्क वर पंख्याकडे बघत उभी राहिली. त्याच्याकडे बघितलं तर तो आणखी गोंधळेल, हे तिला कुणी शिकवलं असेल? बऱ्याच वेळानं पोरानं पाचाचे चार केले. तोवर ती पंखाच बघत होती. डी.एड.ला आम्हाला यावर अख्खा पाठ होता, आणि तरीही वर्गात उत्तर फोडल्याशिवाय न राहवणारे शिक्षक मी डझनावारी बघितलेत.

इंग्रजी लिहिण्याची एक गंमत होती. ख्मेर लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, वाक्यच्या वाक्य सलग जातं. त्यामुळे मुलांच्या वहीत 'आयलाइकराइस' अशी आगगाडी. मी स्पेस, स्पेस म्हणून घसा कोरडा करत होते. प्रधाननं पहिलीतल्या मुलीचं डावं बोट धरून पहिल्या शब्दापुढं टेकवलं आणि बोटाच्या पलीकडे पुढचा शब्द लिहायला लावला. पाच मिनिटांत सगळा वर्ग बोटं टेकवून लिहू लागला. एका पठ्ठ्यानं अंगठा टेकवला, त्याच्या ओळीत तीनच शब्द मावले. शब्दाच्या शेवटचा 'स' गिळायची त्यांची सवयही तिनंच सोडवली: तोंडासमोर तळहात धरायचा, 'राइस' म्हणताना हाताला वारा लागला पाहिजे. नुसतं 'राय' म्हटलं की वारा नाही. मग कितीतरी दिवस ही पोरं रस्त्यानं तोंडासमोर हात धरून फिरत होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं पोरांना दातदुखीची साथ आलीये.

गणितात मात्र तिनं मला शिकवलं. ख्मेरमध्ये एक ते पाच म्हणजे मुय, पी, बेय, बुओन, प्रांम. सहाला वेगळा शब्दच नाही. सहा म्हणजे प्रांम-मुय, पाच-एक. सात पाच-दोन, आठ पाच-तीन, नऊ पाच-चार. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली तेव्हा किती धुरळा उडाला होता! मी तेव्हा त्या पद्धतीच्या बाजूनं शिक्षक परिषदेत भांडलेली बाई. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये हरवलेली पोरं ज्यांनी बघितलीत ते भांडतीलच. तर मी फळ्यावर नऊ अधिक आठ लिहिलं आणि आपल्या रीतीनं आठातला एक नवाला देऊन दहा करायला निघाले. प्रधान म्हणाली, "नेक क्रू, वेट." नेक क्रू म्हणजे बाई, त्यातला क्रू हा गुरूच. तिनं एका मुलाला पुढं बोलावलं. त्याच्या हाताची चार बोटं वर, तिच्या हाताची तीन. दुसरा हात दोघांचाही मूठ मिटलेला: मूठ म्हणजे पाच. पाच-चार आणि पाच-तीन. दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की दहा, बोटं मोजली की सात. झाले सतरा. हातचा नाही, पाठांतर नाही, बेरीज त्या भाषेच्या पोटातच होती आणि मी ती बाहेरून शोधत होते. इथं परत आल्यावर शेजारच्या पोरांना मी हे मुठींचं शिकवलंय. मराठीत सहाला 'पाच-एक' म्हणायची सोय नाही, तरी मुठी चालतात.

शून्याचा तासही सांगण्यासारखा आहे. मेकाँग नदीकाठच्या सांबोरला एक शिलालेख सापडलेला आहे. त्यावर शके ६०५ असा आकडा कोरलाय आणि मधलं शून्य म्हणजे एक ठळक टिंब. शके ६०५ म्हणजे इसवी सन ६८३. आपल्या ग्वाल्हेरच्या देवळातलं प्रसिद्ध शून्य ८७६ चं. सांबोरचं त्याच्याआधी जवळपास दोनशे वर्षं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज सेदेस यांनी १९३१ मध्ये त्याकडे जगाचं लक्ष वेधलं होतं, पुढं देशातल्या धामधुमीत तो दगड कुठं गेला कळेना, आणि २०१३ मध्ये अमीर आक्झेल या गणितावर लिहिणाऱ्या माणसानं तो शोधून काढला, तोही सिएम रीपमधल्याच एका साठवणीच्या शेडमध्ये. आता तो राजधानी नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या पंचांगावर छापतात तोच हा शक, हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला होता. मुलांना त्याचं काय! फळ्यावर मी सहा, टिंब, पाच असं काढलं. प्रधान पुढं आली आणि काही न बोलता करंगळीनं टिंब पुसलं. सहा आणि पाच उरले. मग वळून वर्गाला तिनं ख्मेरमध्ये एकच प्रश्न विचारला. मागच्या रांगेतून उत्तर आलं आणि सगळे खो खो हसले. मी विचारलं, काय म्हणाली? "मी म्हटलं, राजाकडून सहाशे पाच म्हशी घ्यायच्या होत्या. आता किती देईल?"

त्या दिवशी घरी जाताना प्रत्येक मुलानं आपलं जन्मसाल शकात काढलं. इसवी सनातून ७८ वजा करायचे. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांना ७९, यावरून एका फेब्रुवारीवालीचं आणि प्रधानचं जोरात वाजलं. प्रधान स्वतः शके १९३२ ची निघाली.

खाण्याचं एक सांगते, कारण त्याचेही उपकार आहेत. मी शाकाहारी, आणि तिकडे भाजीतसुद्धा माशाचा रस नाहीतर प्रोहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा, असतोच. कोपऱ्यावरच्या गाडीवालीला मी खाणाखुणा करून थकले होते. प्रधाननं एकदा जाऊन तिला सांगितलं की आमच्या बाईंचा रोजच 'थ्ङाय सील' असतो. सील म्हणजे शील. अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या अशा तिथींना तिकडचे भाविक लोक देवळात जातात, व्रतं पाळतात. रोज व्रत करणारी म्हणून गाडीवालीनं माझ्याबद्दल जो आदर धरला, तो मी शेवटपर्यंत खोडून काढला नाही.

हजेरीचं रजिस्टर प्रधानकडे होतं. गैरहजर मुलापुढं आपण फुली मारतो. ती फुली मारून बाजूला बारीक अक्षरात कारण लिहायची: राइस, बेबी, फीवर. नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची कापणी असते, तेव्हा पानंच्या पानं राइस. बेबी म्हणजे धाकटं भावंड सांभाळायला घरी थांबलेली मुलगी. तिला प्रधान दुसऱ्या दिवशी निरोप धाडायची की बाळाला घेऊन ये, आणि वर्गात एखाददुसरं रांगतं पोर असायचंच. चौथं कारण होतं 'थाय'. आईबाप मजुरीला सीमेपलीकडे थायलंडला गेले आणि पोराला बरोबर घेऊन गेले. त्या नावापुढं ती फुल्या मारणं बंद करायची, पण नाव कधी खोडायची नाही. मी ऊसतोडीच्या मुलखाजवळ नोकरी केलीय. पट टिकवण्यासाठी साखरशाळांचे कागद रंगवणारेही बघितलेत. एवढं खरं रजिस्टर मी क्वचितच बघितलं.

संध्याकाळी तिची आजी तिला न्यायला यायची आणि बाकावर बसून असायची. गळ्यात चौकड्यांचा क्रामा, म्हणजे तिकडचा पंचा, आणि तोंडात पान. एकदा वय विचारलं तर आम्ही दोघी एकाच सालच्या निघालो, १९६६ च्या. १७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट फौजेनं नोम पेन्ह घेतलं तेव्हा मी तिसरीची परीक्षा देत होते. तिची शाळा त्या वर्षी बंद झाली ती झालीच. १९७९ च्या जानेवारीपर्यंत त्या राजवटीत सुमारे १७ ते २० लाख माणसं उपासमारीनं, रोगराईनं, राबवून आणि ठार मारून संपवली गेली. शिकलेल्यांवर तर विशेष रोख. शिक्षक असणं हाच गुन्हा. नोम पेन्हमधल्या एका हायस्कुलाचा तर त्यांनी तुरुंग केला होता. तुओल स्लेंग म्हणतात त्याला. आज शाळांना गणिताचा माणूस मिळत नाही, त्याची एक मुळी तिथं जाते. आजीनं हे सगळं मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. ती एवढंच म्हणाली, आणि प्रधाननं ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं, की ही पोर रोज रात्री मला फळ्यावरचं वाचून दाखवते, मला सहाच्या पाढ्यापर्यंत येतं.

आता माझं खरं म्हणणं. अशा मुलीचं कौतुक करणं सोपं असतं, आणि बहुतेक वेळा कौतुक करता करता आपण तिला राबवून घेतो. आपल्या शाळांत काय होतं ते मला ठाऊक आहे. वर्गातली हुशार, शहाणी मुलगी हेरली की तिनं हजेरी घ्यायची, बाईंचा चहा आणायचा, लहानांना पाढे म्हणून घ्यायचे, साहेब आले की स्वागतगीत म्हणायचं. सगळे म्हणणार, काय गुणाची पोर! आणि दहावीला गणितात तिचेच गुण कमी. प्रधानच्या बाबतीत हे होताना मला दिसत होतं. लहानांचा तास संपला की फळा पुसणं, खुर्च्या लावणं, दुसऱ्या स्वयंसेवकांसाठी बाजारात जाऊन भाव करणं, सगळं तिच्या गळ्यात. तिची वही मी मागितली तर आठवीच्या बीजगणिताची पानं कोरी.

भेट द्यायला बंदी होती, पण वेळ द्यायला नव्हती. संस्थेच्या ताईंशी बोलून मी ठरवून घेतलं की लहानांच्या तासानंतर अर्धा तास तिचा. त्या अर्ध्या तासात ती कुणाचीच मदतनीस नाही. ताई शेजारच्या टेबलावर हिशेब करत बसायच्या, म्हणजे नियमही पाळला जायचा. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य तिला पाठ होतं, का बदलतं ते माहीत नव्हतं. तिच्या आईचा बाजारात भाजीचा गाळा, म्हणून आईचा काटा मागवला. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढायचं, एवढ्यावर आम्ही चार दिवस घालवले. एकदा ते बसल्यावर पोरगी अशी सुटली की काय सांगू! एक्सच्या जागी ती ख्मेर अक्षर वापरायची, मी चालू दिलं. आणि वर्गात इतका वेळ दुसऱ्यांसाठी थांबणारी ही मुलगी स्वतः अडली की मात्र अजिबात थांबत नसे. पेन्सिल आपटायची, चिडायची, चक्क वही मिटायची. मग मी पंख्याकडे बघायची.

जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवर लढाई झाली आणि तिकडे राबणारे लाखो कंबोडियन मजूर परत आले. तेव्हा टेलिग्रामवर तिचा रजिस्टरचा फोटो आला. नावांच्या जागी तिनं बोट धरलं होतं, नियम तिलाही पाठ आहेत. 'थाय' लिहिलेल्या बऱ्याच ओळींपुढं पुन्हा हजेरीच्या खुणा दिसत होत्या. खाली मागणी: बेरजेच्या तिसऱ्या पातळीचे कागद पाठवा, खुर्च्या कमी पडतात. मी कागद पाठवले आणि विचारलं, तुझा अर्धा तास चालू आहे का? उत्तर यायला एक दिवस लागला. "कधी कधी."

म्हणून माझ्यानंतर येणाऱ्या शिक्षकासाठी ठेवलेली चिठ्ठी मी नव्यानं लिहून संस्थेच्या ताईंना पाठवली आहे. ती अशी. नऊ अधिक आठ मुठींनी शिकवा, कसं ते प्रधान दाखवेल. फळ्यापाशी मूल अडलं तर तिच्याकडे बघा, ती थांबली असेल तर तुम्हीही थांबा. गाडीवालीकडे माझं नाव सांगितलंत तर बिनमाशाचं जेवण मिळेल. फळा पुसायला आणि बाजाराला तिला पाठवू नका, तुम्हाला हात आहेत. ती नववीत आहे, वर्षाअखेर तिची परीक्षा आहे. साडेचार ते पाच ती तुमच्या कामाची नाही, तुम्ही तिच्या कामाचे. एकसामयिक समीकरणांपासून सुरू करा.